स्पितीतला बर्फ राखाडी का आला?

प्रश्न : फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीला गेलो होतो, किब्बरमध्ये चार दिवस होमस्टेला राहिलो. घरी येऊन फोटो बघितले तर सगळा बर्फ मळकट राखाडी आणि सावल्या निळ्या. बॅटरी तर फुल चार्ज असून तासाभरात मान टाकायची. रूमवर आलो की लेन्सवर धुकं. पुढच्या हिवाळ्यात परत जायचंय, काय चुकतंय? — एक वाचक, पुणे

उत्तर : कॅमेरा बिघडलेला नाहीये, आधी ती धास्ती सोडा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं, आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या-तपकिरी डोंगरांना ते बऱ्यापैकी जमतं, पण अख्खी फ्रेम बर्फाने भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि ते फोटो काळवंडून टाकतं. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ वर ठेवून सुरुवात करा, लख्ख ऊन असेल तर +२ पर्यंत पण जावं लागतं. स्क्रीनवर बघून ठरवू नका, त्या उन्हात ती धड दिसतच नाही, हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, तो उजवीकडे सरकलेला हवा पण उजव्या कडेला आपटलेला नको. आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.

निळ्या सावल्या मात्र मला आवडतात. तिथे ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून त्या खरंच निळ्या असतात, व्हाइट बॅलन्स (रंग गार की उबदार दिसावेत ते ठरवणारी सेटिंग) थोडा उबदार करा पण तो निळा पार धुवून काढू नका, थंडी त्यातच तर दिसते.

बॅटरी संपत नाही, गारठते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंगाच्या उबेत ठेवली की बराचसा चार्ज परत दिसतो. दोन जास्तीच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून आलटून पालटून वापरा, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

धुक्याचं म्हणाल तर बाहेर उणे वीस आणि आत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटलेली, मग खोलीतली वाफ गार काचेवर बसणारच. बाहेर असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत घालून हवा काढून बंद करा, आत गेल्यावर दोनेक तास उघडायचा नाही. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड आधीच काढून घ्या.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीये पण माझे स्वतःचे बरेच फोटो यानेच गेलेत. फ्रेम ठरवायच्या आधी बर्फात पाऊल टाकू नका, कडेकडेने फिरा. सकाळी सूर्य खाली असताना आडव्या उन्हात वाऱ्याने उमटलेल्या रेघा काय दिसतात, आणि मधूनच आपल्याच बुटांचे ठसे गेलेले असले की पुढचा बर्फ पडेपर्यंत तिथे काही करता येत नाही.

हिवाळ्यात मनालीकडची कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे जाल ते शिमला-किन्नौरवरूनच. मग उंचीची सवय व्हायला वाटेतल्या नाको आणि ताबोला एकेक मुक्काम कराच, किब्बर चार हजार मीटरच्या वर आहे आणि डोकं ठणकत असताना कसलं हिस्टोग्राम बघताय.