भाड्याची ट्रॉली, ट्रॅक्टरचा विमा आणि उसाचा हंगाम

कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार केला आहे. ट्रॅक्टर माझा, दोन ट्रॉल्या हंगामापुरत्या भाड्याने घेतोय. ट्रॉलीमालक म्हणतो, "ट्रॅक्टरचा फुल विमा आहे ना, मग ट्रॉलीला वेगळा कशाला?" हे बरोबर आहे का? (वाळवा, जि. सांगली)

नाही. मोटार वाहन कायद्याच्या लेखी ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, चेसिस नंबर वेगळा आणि थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेच्या विम्याचा प्रीमियमही वेगळा. ट्रॅक्टरची पॉलिसी काढून ट्रेलरचा (म्हणजे ट्रॉलीचा) रकाना बघा. तो कोरा असेल किंवा त्यात एकच नंबर असेल आणि ट्रॉलीची स्वतंत्र पॉलिसीही नसेल, तर मागची ट्रॉली विम्याविनाच रस्त्यावर धावते आहे. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला खेचली जाते आणि मोटारसायकलवाला बहुतेक तिथेच सापडतो. अशा वेळी कंपनीचा पहिला प्रश्न असतो, धक्का कोणत्या ट्रॉलीचा? पोलिसांनी पकडलं तर विनाविमा वाहनाला पहिल्या खेपेस 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड आहे, शिवाय कैदेची तरतूदही आहे. पण दंड किरकोळ आहे, खरा फटका जखमीची भरपाई ठरवणाऱ्या अपघात न्यायाधिकरणात बसतो.

भाड्याच्या ट्रॉलीचा विमा तुमच्या नावावर निघत नाही, तो नोंदणीकृत मालकाच्या नावावरच लागतो. त्यामुळे उचल द्यायच्या आधी मालकाला नूतनीकरण करायला लावा, हवं तर प्रीमियम भाड्यातून वळता करा. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि पॉलिसी हातात घेऊन ट्रॉलीच्या सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर आकडा आकडा जुळवा. रंगाखाली दबला असेल तर पॉलिश पेपरने घासून वाचा. विम्याची मुदत सरकारच्या एमपरिवहन ॲपवरही दिसते. ट्रॉली विकत घेतलेली पण नावावर झालेली नसेल, तर आधी तो घोळ मिटवा. पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी कायद्याने 14 दिवस दिलेत.

आता वापराचा प्रकार. स्वतःचा ऊस नेणं ही शेती. दुसऱ्याचा ऊस टनाच्या दराने ओढणं हे भाड्याचं काम. पॉलिसीवर 'फक्त शेतीसाठी' लिहिलेलं असेल, तर कारखान्याचा करारच तुमच्या विरुद्धचा कागद ठरतो. एजंटला तोंडी सांगून भागत नाही, वापर पॉलिसीवर छापून आला पाहिजे.

ऊसतोडणीची टोळी फडावरून ट्रॉलीतच बसून कोपीवर (राहण्याच्या झोपडीवर) जाते. त्यांना विमा लागू होतो का? (माजलगाव, जि. बीड)

धरून चाला की होत नाही. ट्रॅक्टरच्या आरसीवर आसनं किती लिहिलीत बघा: एक, चालकाचं. मडगार्डवर बसलेला पोरगा आणि उसावर बसलेली बाई, दोघंही विम्याच्या नजरेत नाहीत. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. वीटभट्टीची माती नेणाऱ्या ट्रॉलीवर बसलेला मजूर पडून जखमी झाला. विमा ट्रॅक्टरचा होता, तोही शेतीसाठी, आणि ट्रॉलीला विमाच नव्हता. कंपनीची जबाबदारी नाही असं न्यायालयाने ठरवलं. मजुराला पैसे मिळावेत म्हणून आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली, पण ती मालकाकडून वसूल करायची मुभाही दिली. म्हणजे शेवटी बोजा मालकावरच.

करायचं काय? टोळीसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी घ्या. त्यात मजुरांची संख्या, काम आणि मजुरी खरी लिहा, कारण प्रीमियम वाचवायला दहाच जणांची नावं लिहिली की अकरावाच जखमी होतो. शिवाय प्रत्येकाच्या बँक खात्यावरून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. ही मुदत 1 जून ते 31 मे असते, त्यामुळे गाव सोडण्यापूर्वी खात्यातून पैसे कापले गेलेत ना, हे मुकादमाने बघावं. आणि माणसं न्यायची तर प्रवासी वाहनातून न्या.

चढावर ट्रॉली मागे ओढली जाऊन ट्रॅक्टर उलटला. बॉनेट, मडगार्ड, दिवे आणि दोन टायर गेले. फुल विमा असूनही कंपनीने निम्मंसुद्धा दिलं नाही. (करमाळा, जि. सोलापूर)

'फुल' हा शब्द पॉलिसीत कुठेच नसतो, तो एजंटच्या तोंडी असतो. व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंग मुळातच वगळलेले असतात. त्यासाठी जादा प्रीमियम भरून 'आयएमटी 23' ही जोड घ्यावी लागते, आणि ती घेतली तरी त्या भागांच्या मंजूर नुकसानीतला निम्मा भार तुमच्यावर राहतो. ट्रॅक्टर उलटला की हेच भाग आधी जातात, म्हणून ट्रॅक्टरला ही जोड मी आवश्यकच समजतो. ट्रॉलीला ओन डॅमेज (स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा) मात्र नवी किंवा कर्जावरची असेल तरच घ्या.

दुसरं कारण ओव्हरलोड असू शकतं. जादा वजनाने झालेलं नुकसान पॉलिसीत वगळलेलं आहे, आणि पुरावा शोधायला कंपनीला लांब जावं लागत नाही. कारखान्याच्या काट्याची पावती आणि आरसीवरचं वजन शेजारी ठेवलं की झालं. नाकारण्याचं कारण लेखी मागा, मगच पुढची तक्रार करा.

प्रीमियम कमी करायला एजंट 'मालमत्तेचं कव्हर 6,000 करू' म्हणतोय. करावं का?

अजिबात नको. अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरून देणारं ते कव्हर 7.5 लाखांचं असतं. 6,000 रुपयांत महागड्या कारचा एक दिवाही येत नाही.

वाटेत बंद पडलेला दुसऱ्याचा ट्रॅक्टर ओढून नेला तर विमा राहतो का?

एकच वाहन, तेही बिनपैशाने ओढत असाल तर राहतो. पैसे घेतलेत तर नाही. ओढल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरचं किंवा त्यातल्या मालाचं नुकसान मात्र तुमची पॉलिसी देत नाही.