काम कुणी लावलं? : कर्नेलचे वर्कर थ्रेड आणि सीपीयूची नेमणूक

मागच्या वेळी थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एकेक धागा) एखाद्या कोअरला बांधण्याविषयी ओझरतं लिहिलं होतं. कोअर आणि सीपीयू हे शब्द इथे एकाच अर्थाने येतात, आणि कुठला थ्रेड कुठे पळेल ते ठरवतो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यावर आलेल्या प्रश्नांतले सहा इथे घेतले आहेत. सगळे लिनक्सबद्दलच आहेत, एक सोडून.

प्रश्न : मी बीकेसीत एका ब्रोकिंग कंपनीत आहे. ऑर्डर पाठवणारा प्रोग्राम १० नंबरच्या कोअरवर बसवायचा म्हणून 'टास्कसेट १०' ही कमांड देऊन सुरू केला. पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) पाहिलं तर तो ४ नंबरवर! कर्नेल आपलं ऐकत नाही का?

ऐकतो, आणि जरा जास्तच शब्दशः ऐकतो. नुसत्या टास्कसेटला तुम्ही जो आकडा देता तो सीपीयूचा क्रमांक नसतो. तो मास्क असतो, म्हणजे ज्यातला एकेक बिट एकेका कोअरची मुभा दाखवतो असा आकडा, आणि हेक्समध्ये (सोळाच्या पायात) वाचला जातो. हेक्समधले १० म्हणजे सोळा, बायनरीत १००००. शून्यापासून मोजलं तर पेटलेला बिट चौथा, म्हणून कोअर ४. क्रमांकच द्यायचा असेल तर 'सी' हा पर्याय लावा. या चुकीपायी माझा एक अख्खा शनिवार गेलेला आहे, त्यामुळे हसण्याचा अधिकार मला नाही.

त्याच्याच शेजारची दुसरी चूक : चालू प्रोसेसला 'पी' लावून मास्क बदलला तर तो त्या एकाच थ्रेडचा बदलतो. बाकीचे थ्रेड जन्माच्या वेळी मिळालेला मास्क घेऊन बसलेले असतात. सगळ्यांना हलवायचं तर 'ए' जोडा. आणि पीएसमधला पीएसआरचा रकाना फक्त एवढंच सांगतो की थ्रेड शेवटचा कुठे पळाला. त्याला कुठे पळायची मुभा आहे हे कळायला प्रोकमधल्या (कर्नेल प्रत्येक प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) स्टेटस फाइलीतली 'सीपीयूज_अलाउड_लिस्ट' ही ओळ वाचावी लागते. कंटेनरमध्ये असाल तर त्यावर सीपीयूसेटची (प्रोसेसच्या गटाला ठरावीक कोअरच देणाऱ्या सोयीची) कात्रीही चालते.

प्रश्न : मालाडहून लिहितो. बूटच्या वेळी आयसोलसीपीयूज हा कर्नेलचा पर्याय देऊन ४ ते ७ हे कोअर वेगळे काढले आणि आमच्या चार थ्रेडना मास्कही ४-७ असाच दिला. चौघंही ४ नंबरवर एकमेकांच्या उरावर, ५, ६, ७ रिकामे. हा बग कुठे नोंदवू?

नोंदवू नका, हे असंच चालतं. आयसोलसीपीयूजने काढलेले कोअर लोड बॅलन्सिंगमधूनच (थ्रेड सगळ्या कोअरवर वाटून देण्याच्या कामातूनच) बाहेर जातात. लोकलच्या दारात 'जरा आत सरका' म्हणणारा जो माणूस असतो, तोच तुम्ही गाडीतून उतरवला आहे. आता दारात गर्दी आणि आत जागा. प्रत्येक थ्रेडला एकेकच कोअर द्या. त्यांना आपसांत फिरू द्यायचंच असेल तर आयसोलसीपीयूज सोडा आणि सीग्रुप व्ही२ मध्ये (प्रोसेसचे गट करून त्यांना साधनं वाटून देणारी कर्नेलची सोय) सीपीयूसेटचं 'रूट' प्रकारचं पार्टिशन करा. त्याच्या आत बॅलन्सिंग चालू राहतं.

प्रश्न : लोअर परळ. आमचा एक कोअर, ११ नंबरचा, पूर्ण राखीव आहे. तरी सव्वानऊला बाजार उघडल्यावर मधूनच काही मायक्रोसेकंदांचा झटका बसतो. पाहिलं तर तिथे 'केवर्कर/११:१' नावाचा थ्रेड जागा होतो. त्याला टास्कसेटने हलवायला गेलो तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, असूनही? शिवाय 'केवर्कर/यू३२:३' असाही एक आहे, पण आमच्या मशीनमध्ये तर १६च कोअर आहेत.

केवर्कर म्हणजे कर्नेलचा वर्कर थ्रेड : कर्नेलचे इतर भाग नंतर करायची कामं वर्कक्यू नावाच्या रांगेत टाकतात आणि हे वर्कर ती उरकतात. वर्करांच्या एका गटाला पूल म्हणतात. आधी नावं वाचू. स्लॅशनंतर सरळ आकडा असेल तर तो सीपीयू : ११:१ म्हणजे अकराव्या कोअरला बांधलेला, १ क्रमांकाचा वर्कर. शेवटी 'एच' असेल तर तो जास्त प्राधान्याच्या पूलमधला. 'यू' असेल तर तो न बांधलेला, आणि यू३२ मधले ३२ हा पूलचा क्रमांक आहे, सीपीयूचा नव्हे.

आता 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. या थ्रेडच्या प्रोकमधल्या स्टॅट फाइलीत नववा आकडा पाहा. बहुतेक तिथे ६९२३८८८० असेल. हेक्समध्ये तो होतो ४२०८०६०. सगळ्यात डावीकडचा ४ म्हणजे पीएफ_नो_सेटअ‍ॅफिनिटी हा झेंडा (मास्क बदलायला मनाई करणारा बिट), त्यापुढचा २ सांगतो की हा कर्नेल थ्रेड आहे, आणि शेवटच्या ६० मधले २० सांगतात की हा वर्कक्यूचा वर्कर आहे. पहिला झेंडा वर असला की बाहेरून मास्क बदलायची विनंती कर्नेल दारातूनच परत पाठवतो, मग मागणारा रूट का असेना. न बांधलेल्या वर्करवरही हा झेंडा असतोच.

मग त्यांना हलवायचं कसं? यूवाल्यांसाठी सिसएफएसमध्ये (कर्नेलच्या सेटिंगा फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) डिव्हायसेस, व्हर्च्युअल, वर्कक्यू या वाटेवर सीपीयूमास्क नावाची फाइल आहे. तिच्यात राखीव कोअर वगळून मास्क लिहा (पुन्हा हेक्स!). ११:१ वर मात्र याचा काही परिणाम होणार नाही आणि होऊही नये. त्याचं कामच अकरावर आहे.

इथेच बहुतेक जण चुकीच्या माणसाला धरतात. २०१० साली, कर्नेल २.६.३६ मध्ये, तेजुन हिओ यांनी वर्कक्यू नव्याने लिहिल्या. तेव्हापासून हे वर्कर कुणा एका ड्रायव्हरचे राहिलेले नाहीत. प्रत्येक कोअरचा एक नाका असतो आणि वर्कर म्हणजे त्या नाक्यावरचे कामगार. आज रंगकाम, उद्या भिंत पाडायची, जे येईल ते. भिंत का पाडली म्हणून कामगाराशी भांडून उपयोग नाही. मुकादम कोण ते शोधा.

ते शोधायला ट्रेसिंगमध्ये (कर्नेलमधल्या घटना टिपणाऱ्या सोयीत) 'वर्कक्यू_क्यू_वर्क' हा इव्हेंट चालू करा आणि रेक_सीपीयू किंवा सीपीयू ११ असलेल्या ओळी गाळून घ्या. ओळीच्या डाव्या टोकाला ज्या प्रोसेसचं नाव असतं तोच तुमचा मुकादम, आणि फंक्शन या शब्दापुढे त्याने लावलेलं काम. एका ग्राहकाकडे हे केलं तेव्हा डावीकडे पायथन निघालं! देखरेखीची स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी प्रोक-सिस-व्हीएममधली स्टॅट_रिफ्रेश ही फाइल वाचत होती. ती फाइल नुसती वाचली तरी मेमरीचे आकडे ताजे करायला कर्नेल प्रत्येक कोअरवर एकेक काम टाकतो, राखीव कोअरवरसुद्धा. स्क्रिप्टमधली एक ओळ काढली आणि झटका गेला. त्याआधी तीन आठवडे लोक बायोसच्या सेटिंगा बदलत बसले होते.

तुमच्याकडे फंक्शनच्या जागी व्हीएमस्टॅट_अपडेट (मेमरीचे आकडे ठरावीक वेळाने ताजे करणारं काम) दिसलं तर व्हीएम.स्टॅट_इंटर्व्हल ही त्यामधल्या वेळेची सेटिंग वाढवा. मुळात ते १ सेकंद असतं. आणि कर्नेल ६.५ किंवा नवा असेल तर डीमेसेजही (कर्नेलच्या संदेशांची नोंद) चाळा : बांधलेल्या वर्कक्यूतलं एखादं काम १० मिलिसेकंदांच्या वर सीपीयू अडवून बसलं तर फंक्शनच्या नावासकट तक्रार तिथे छापून येते.

प्रश्न : मुलुंड. हे सगळं मॅकवर कसं करायचं?

करता येत नाही. मॅकओएसमध्ये अ‍ॅफिनिटीचा (थ्रेड कुठे ठेवावा हे सुचवणारा) टॅग होता, पण तो नुसता इशारा, आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर तोही चालत नाही. तिथे क्यूओएस वर्ग (काम किती तातडीचं ते) सांगायचा आणि कोअर निवडायचं काम शेड्यूलरवर (थ्रेडना कोअर वाटणाऱ्या कर्नेलच्या भागावर) सोडायचं.

प्रश्न : पवईत एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर काम करते. इंटरप्ट (कार्डाकडून सीपीयूला येणारी हाक) ५ नंबरच्या कोअरवर येतो आणि तिथूनच आम्ही क्यू_वर्क_ऑन या फंक्शनला ५ देऊन काम टाकतो. एरवी ते ५ वरच चालतं, पण लोड वाढला की कधीकधी २ वर. ट्रेसमध्ये 'रेक_सीपीयू=५ सीपीयू=२' अशी ओळ आहे. स्पष्ट ५ सांगूनही २ कसं?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण ती ओळ तुम्ही पाहिलीत. रेक_सीपीयू म्हणजे तुम्ही मागितलेला, सीपीयू म्हणजे मिळालेला. दोन्ही वेगळे येण्याची वाट अरुंद आहे.

वर्कक्यूचं एक वचन असतं : एकच वर्क_स्ट्रक्ट (रांगेत टाकलेल्या कामाची नोंद) एकाच वेळी दोन ठिकाणी चालणार नाही. समजा हेच काम आधी २ वरून कुणी टाकलं होतं आणि ते तिथे अजून चालू आहे. तेवढ्यात तुम्ही तेच ५ साठी टाकता. ५ वर पाठवलं तर दोन्हीकडे एकदम सुरू होण्याची भीती. म्हणून कर्नेल ते मुकाट्याने २ च्याच पूलमध्ये, चालू कामाच्या मागे लावतो. तुमच्या मागणीपेक्षा वचन मोठं. लोड वाढला की काम जास्त वेळ चालतं आणि ही गाठ पडण्याची शक्यता वाढते, म्हणून शांत मशीनवर तुम्हाला ते दिसत नाही.

या दुखण्याचा एक जुळा भाऊही आहे. काम २ च्या रांगेत आहे पण अजून सुरूच झालेलं नाही, आणि तुम्ही ५ साठी टाकलंत. अशा वेळी क्यू_वर्क_ऑन फॉल्स परत देतो आणि काहीच करत नाही. ट्रेसमध्ये तुमच्या मागणीची ओळच उमटत नाही, काम २ वर होतं. तुमचा कोड परत आलेलं उत्तर तपासतो का? मी पाहिलेले बहुतेक ड्रायव्हर तपासत नाहीत.

तेव्हा आधी २ वरून तेच काम कोण टाकतं ते शोधा. माझा संशय लिंक वर-खाली होताना चालणाऱ्या रीसेटच्या वाटेवर किंवा टाइमरवर आहे. उपाय मात्र एकच : सामाईक वर्क_स्ट्रक्ट मोडा आणि प्रत्येक सीपीयूला त्याचं वेगळं द्या, अ‍ॅलॉक_परसीपीयू घेऊन. मग ५ चं काम २ च्या मागे लागण्याचं कारणच उरत नाही.

प्रश्न : मॅडम, मी माटुंग्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीनमध्ये) कर्नेलचं एक मॉड्यूल चालवतोय. काम शेड्यूल_वर्कने टाकत होतो तोवर ठीक होतं. वर्कक्यू अनबाउंड (कोअरला न बांधलेली) केली आणि 'बग : युजिंग एसएमपी_प्रोसेसर_आयडी इन प्रीएम्प्टिबल' असं ओरडायला लागलं. कोड तोच आहे!

कोड तोच आहे, पण त्याच्या खालची जमीन बदलली. आधी तुझं काम बांधलेल्या वर्करवर चालत होतं. त्याला एकाच सीपीयूची मुभा आणि वर तो झेंडा, म्हणजे 'मी कोणत्या सीपीयूवर आहे' याचं उत्तर मध्येच बदलणार नाही, असं पाहून तपासणी त्याला सोडून देते. अनबाउंड वर्कर मात्र तो आकडा वाचल्यावर आणि वापरण्याआधी दुसऱ्या कोअरवर जाऊ शकतो. मग तू दुसऱ्या कोअरच्या परसीपीयू डेटात (प्रत्येक कोअरचा वेगळा ठेवलेला डेटा) लिहिशील, तेही हजारात एखाद्या वेळी.

आकडा नुसता लॉगमध्ये छापायचा असेल तर रॉ_एसएमपी_प्रोसेसर_आयडी वापर, खोटा निघाला तरी बिघडत नाही. त्यावर डेटा हाताळायचा असेल तर गेट_सीपीयू आणि पुट_सीपीयूच्या मध्ये हाताळ (तेवढा वेळ थ्रेड कोअर बदलत नाही), आणि त्या दोघांमध्ये झोपू शकेल असं काही बोलवायचं नाही : म्यूटेक्स नाही, जीएफपी_कर्नेलने मेमरी मागणं नाही.

तक्रार थांबावी म्हणून परत शेड्यूल_वर्कवर जाणार असशील तर एक प्रयोग करून मग जा. काम रांगेत भरत राहा आणि सिसएफएसमधल्या सीपीयू२ च्या ऑनलाइन फाइलीत ० लिही. कोअर बंद होताना कर्नेल त्या पूलच्या वर्करांच्या गाठी सोडतो आणि उरलेली कामं दुसऱ्या कोअरवर उरकली जातात. बांधलेलं म्हणून ज्याच्यावर विसंबलास ते तुझं फंक्शन तेव्हा २ सोडून दुसऱ्याच कोअरवर चालताना दिसेल. दोन-तीनदा बंद-चालू करून बघ आणि आकडे जुळतात का ते मला कळव.