मरता मरता वाचलो. देवाने मला कशासाठी ठेवलं, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की अपघातात सोबतचे दोघे गेले, तुम्ही अतिदक्षता विभागातून परत आलात आणि प्रभूने काहीतरी मोठ्या कामासाठीच तुम्हाला ठेवलं असणार असं आता सतत वाटतं. ते काम कोणतं हे कसं कळेल आणि त्यासाठी नोकरी आत्ताच सोडावी का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

नोकरी आत्ता सोडू नका. माझ्या मते घरी परतल्यावर निदान सहा महिने तरी असा कोणताही निर्णय घेऊ नये, जो नंतर मागे घेता येत नाही. कारण साधं आहे. या काळात मनाला जे तीव्रतेने वाटतं, त्यात देवाचा आवाज, शरीराचा थकवा, औषधांचा परिणाम आणि भीती हे सगळं मिसळलेलं असतं. उपचारात स्टेरॉइडचे मोठे डोस असतील, तर झोप उडते आणि मन विलक्षण उल्हसित होऊ शकतं. त्या अवस्थेत पहाटे तीन वाजता सुचलेली योजना अगदी ईश्वरी पाचारणासारखी भासते. औषधं मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. दचकून उठणं, अपघात पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्या रस्त्याचं नावही नको वाटणं हे महिन्याच्या पुढे चालू राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही.

बायबलमधला क्रमही हाच आहे. संदेष्टा एलीया जिवाच्या भीतीने पळाला, झुडपाखाली बसला आणि ‘आता माझा प्राण घे’ म्हणाला. देवाने त्याला त्या वेळी काम सांगितलं नाही. दूताने दोनदा उठवून खायला-प्यायला दिलं, मध्ये तो झोपला. होरेब पर्वतापर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची, आणि हजाएल, येहू व अलीशा यांना अभिषेक करण्याचं काम मिळालं ते अगदी शेवटी (1 राजे 19).

‘ते दोघे गेले, मीच का राहिलो?’ हा प्रश्न मात्र वेगळा ठेवा. त्याचं उत्तर ‘माझं काम मोठं होतं म्हणून’ असं दिलंत, तर त्या दोघांचं आयुष्य देवाला कमी मोलाचं होतं, असं नकळत म्हणून बसाल. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती का, असा प्रश्न करून येशूने स्वतःच ‘नाही’ म्हटलं (लूक 13). कोण का गेलं याचा हिशोब त्याने मांडला नाही. जे उरले त्यांनी पश्चात्ताप करून देवाकडे फिरावं, एवढंच सांगितलं. तुम्हालाही ‘का’ बाजूला ठेवून ‘आता काय’ विचारता येईल.

‘आता काय’ शोधण्याची माझ्या माहितीतली सर्वांत पारखलेली पद्धत सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांची आहे, आणि तीही दुखण्यातूनच निघाली. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून ते कधी शौर्याची, दरबारी मानाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. फरक पडे तो नंतर. पहिल्याने मन कोरडं होई, दुसऱ्याचा आनंद टिकून राही. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो मागे काय ठेवून जातो, ही ती कसोटी.

ती रोज लावायची ती अशी. रात्री दहा-पंधरा मिनिटं बसा. आधी दिवसातल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल आभार माना, मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागा. दिवस सकाळपासून ओळीने आठवा आणि कुठे प्रेम, धीर, आशा वाढली, कुठे मन आक्रसलं ते पाहा. जे चुकलं त्याची क्षमा मागा, उद्यासाठी मदत मागा. मग वहीत दोनच ओळी लिहा: कोणता विचार आला, आणि काही तासांनी त्याचं काय उरलं. वही रोज चाळू नका, आठवड्याने वाचा. महिना-दोन महिन्यांत तीच दिशा पुन्हा पुन्हा दिसू लागते. मोठं काही न दिसता ‘भावाशी बोलायला हवं’ एवढंच दिसलं, तर ते खरं माना. बहुतेक वेळा पाचारण तिथूनच सुरू होतं.

बिघडतं कुठे, तर लोक विचाराचा भर असतानाच त्याची नोंद करतात आणि मागाहून पाहतच नाहीत. इग्नेशियस यांचा नियम आहे की मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. त्यांचा दुसरा इशारा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे: मोठ्या समाधानाच्या मागोमाग जी ऊब राहते, तिच्यात माणूस स्वतःच्या योजना आखतो आणि त्या देवाच्या समजतो. बायबल कुठेही उघडून बोट ठेवणं, आकड्यांत खुणा शोधणं हेही टाळा. घाबरलेल्या मनाला हवी ती खूण सापडतेच. बरे झाल्यावर स्पेनमधल्या मानरेसा गावात इग्नेशियस यांनी उपास इतके ताणले की प्रकृती कायमची ढासळली. बरं होत असलेल्या शरीराला उपास नकोच. आणि घाई? जेरुसलेमलाच राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं, 1523 मध्ये तिथून परत पाठवलं गेलं, मग तिशी उलटल्यावर ते मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. त्यांनी स्थापलेल्या जेझुइट या धर्मसंघाला मान्यता मिळाली 1540 मध्ये.

निर्णयाची वेळ आली की स्वतःला मृत्युशय्येवर कल्पून पाहा, असं ते सुचवतात. तुम्ही ते सध्या करू नका, अपघात पुन्हा जागा होईल. त्यांची दुसरी युक्ती वापरा: अगदी अनोळखी माणूस हीच परिस्थिती घेऊन आला तर त्याला काय सांगाल, ते लिहा.

सेवेत जाणं म्हणजे घर सोडणंच, असंही नाही. गरसेकरांच्या प्रदेशातला, भूतबाधेतून बरा झालेला माणूस येशूबरोबर जायला विनवत होता. येशूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवलं (मार्क 5). त्या दोघांची कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे जा, पण साक्ष द्यायला नको. ‘देवाने मला वाचवलं’ हे वाक्य त्या घरात फार लागेल. शांत बसा, कागदपत्रांची धावपळ असेल तर ती करा.

अतिदक्षतेत असताना ‘वाचलो तर सगळं देईन’ असं काही बोलला असाल, तर ते मनात कुढत ठेवू नका. नवसाची ठरलेली रक्कम ज्याला झेपत नाही, त्याच्या ऐपतीप्रमाणे याजकाने ती ठरवावी, अशी सोय बायबलमध्येच, लेवीय 27 मध्ये आहे. उपचारांचं कर्ज आणि घरखर्च कागदावर मांडून तुमच्या पाळकांसोबत बसा, आणि जे ठरेल ते थोडं थोडं फेडायला लागा.