वाचकांचे प्रश्न : पुळणीवरच्या वस्तूंतून शिल्प घडवताना

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. पावसाळ्यानंतर मुलांनी पुळणीवरून जाळ्यांचे तुकडे, चपला, बाटल्यांची बुचे असे बरेच काही गोळा केले आहे. त्यातून कासवाचे शिल्प करावे, असा विचार आहे. गेल्या वर्षी असाच एक मासा केला होता. लोकांनी त्याच्याजवळ उभे राहून हौसेने छायाचित्रे काढली, पण समुद्रातल्या कचऱ्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही. आमचे कुठे चुकले असावे?

उत्तर : मासा रंगवला होता का, हे आपण लिहिलेले नाही, पण बहुधा रंगवला असावा. मीही एका शिबिरात हीच चूक केली आहे. बुचांवर निळा रंग चढताच ती खवले झाली. मग बघणाऱ्याला मासा दिसला, बुचे दिसेनाशी झाली. टाकलेल्या वस्तूंतून गोष्ट सांगायची असेल, तर ती वस्तू दुरूनही ओळखू आली पाहिजे.

चंदीगडचे नेकचंद यांना हे फार चांगले उमगले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या या गृहस्थांनी 1957च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या सरकारी रानात, कोणालाही न सांगता, सायकलवरून सामान वाहून नेत शिल्पे घडवायला सुरुवात केली. नवे शहर वसवण्यासाठी जी गावे पाडली गेली, त्यांच्या ढिगाऱ्यांतली फुटकी भांडी, विटा, फरशा हा त्यांचा कच्चा माल होता. सरकारला पत्ता लागेपर्यंत जवळजवळ अठरा वर्षे लोटली. 1976 मध्ये ही शिल्पांची बाग, म्हणजे आजचे रॉक गार्डन, सर्वांसाठी खुली झाली. तिथल्या बायकांच्या मूर्तींची वस्त्रे फुटक्या बांगड्यांची आहेत. ती पाहताना वस्त्र दिसते, बांगड्याही दिसतात आणि त्या कोणाच्या हातात असतील हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. गोष्ट सुरू होते ती तिथे.

म्हणून कासव करण्याआधी गोळा झालेल्या वस्तू मुलांना नीट पाहू द्याव्यात. एखादी रबरी चप्पल हातात घेतली, तर अंगठ्याखाली झिजलेला खळगा दिसतो, आणि बंद तुटू नये म्हणून खालून अडकवलेली, आता गंजून गेलेली सेफ्टी पिनही दिसते. ती चप्पल कवचावर तळवा वर करून बसवावी, म्हणजे हा खळगा आणि पिन झाकली जाणार नाही. प्रत्येक वस्तू कोठे, कोणत्या दिवशी, कोणाला सापडली, हे मुलांच्या हस्ताक्षरात चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या वस्तूलाच बांधावी.

जाळ्यांच्या तुकड्यांचे कवच करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. समुद्रात सुटलेले जाळे कोणी ओढणारे नसले तरी धरतच राहते. त्यात अडकलेल्या कासवाला श्वास घेण्यासाठी वर येता येत नाही आणि ते बुडून मरते. तेव्हा आपल्या कासवाच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाभोवती आणि मानेभोवती जाळे खरोखर अडकते तसेच गुंडाळावे. त्याआधी तो तुकडा गावातल्या जाणत्या मच्छीमाराला दाखवून हे जाळे कोणत्या मासळीचे, ते कसे तुटले असेल, हे मुलांनी विचारावे. जाळे हरवणे हे त्याचेही नुकसान असते, त्यामुळे त्याच्यावर ठपका ठेवल्यासारखे होता कामा नये. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरचे कलाकार किनाऱ्याला लागलेल्या अशाच जाळ्यांतून कासवे आणि मासे करतात. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेली ही माणसे आहेत, म्हणूनच त्यांच्या शिल्पांत परक्याचा उपदेश जाणवत नाही.

सांगाडा बांबूच्या कांबींचा करावा आणि वस्तू तारेने बांधाव्यात. डिंकाने चिकटवल्यास पुढे त्या सुट्या करता येत नाहीत. थर्माकोल अजिबात घेऊ नये, कारण त्याचे मणी सुटून पुन्हा पुळणीवर जातात. सुया, औषधांच्या बाटल्या यांना मुलांनी हात लावू नये, आणि शंखही जागेवरच राहू द्यावेत. रिकाम्या शंखांत खेकडे घर करतात. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो, तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी शिल्प सोडवून सारे सामान वेगवेगळे करून कचरा संकलनाकडे द्यावे.

शिल्प शाळेत ठेवू नये, असे मला वाटते. गावात ज्या जागी बसून जाळी दुरुस्त केली जातात तिथे, त्या लोकांना विचारून, ते ठेवता येईल का ते पाहावे.