आधी चित्राची पाठ वाचा, मग सही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशकात जुन्या फर्निचरच्या दुकानात तुम्हाला नऊवारीतल्या, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेल्या बाईंचं तैलचित्र मिळालं. खाली उजवीकडे रोमन लिपीतली सही आहे, पण सुरुवातीचं 'व्ही. जी.' आणि शेवटचं '४१' एवढंच लागतं. मागे गिरगावातल्या फ्रेमवाल्याचं अर्धं फाटलेलं लेबल आहे. चित्रकार कोण, चित्राला किंमत किती, ओल्या फडक्याने पुसू का आणि मुलाकडे अमेरिकेला नेता येईल का, असं तुम्ही चित्राचे फोटो टाकून विचारलंय.

पुसण्याचं आधी सांगतो, कारण त्याला उशीर चालायचा नाही. पुसू नका. ओलं फडकं नको, साबण नको, काचा पुसायचा स्प्रे नको. कापलेला बटाटा फिरवा, असंही कुणीतरी सांगेलच. तोही नको. त्याचा पिठूळ अंश भेगांत जाऊन बसतो आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. अळशीचं तेल चोळलं की दोन दिवस रंग खुलल्यासारखे वाटतात, पुढे तेच तेल पिवळं पडत जातं आणि निघता निघत नाही. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ तेवढी काढा, तीही रंगाचे पोपडे सुटलेले नसतील तरच. खरी स्वच्छता करायची तर चित्रसंवर्धकाकडेच जायला हवं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशीला सुरुवात करा.

आणि फ्रेम बदलायची घाई करू नका. मी एकदा असंच एक चित्र नव्या फ्रेमसाठी टाकलं होतं. आणायला गेलो तर चित्र नव्या कोऱ्या चौकटीवर ताणून तयार, आणि जुनी चौकट, खिळे, मागचा कागद सगळं फेकून दिलेलं. कॅनव्हासच्या मागे दुमडलेल्या कडासुद्धा कापून टाकलेल्या. त्या कडेवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं मला दिसलं होतं, सावकाश वाचू म्हणून ठेवलं होतं. ते चित्र आजही माझ्या खोलीत आहे. ते कुणाचं, हे आता कळायचं नाही.

म्हणून पाठ. सही वाचण्यात महिना घालवण्याआधी एक दुपार चित्राच्या पाठीला द्या. चित्र पालथं घाला, खाली जाड रजई अंथरा, खिडकीजवळ बसा. कॅनव्हास लोखंडी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलाय की स्टेपलच्या पिनांनी? चुका असतील आणि त्यांचा गंज कापडात उतरला असेल तर ताणणी जुनी आहे. पिना असतील तर ती बरीच अलीकडची, मग चित्र कितीही जुनं असो. कापडावर रंगवाल्या कंपनीचा शिक्का आहे का बघा. त्या काळी विन्सर अँड न्यूटनचा माल इथे भरपूर यायचा, आणि त्यांच्या शिक्क्यावरचा लंडनचा पत्ता कालखंड सांगून जातो. फ्रेमच्या मागे वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर ते सोन्यासारखं जपा. त्यावरची तारीख म्हणजे तो कागद त्या दिवसाआधी चिकटवलेला नाही, एवढं नक्की.

तुमच्या लेबलावर 'बॉम्बे ४' असं दिसतंय. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईतला पत्ता असा टपाल विभागाच्या आकड्यावर संपायचा, आणि गिरगाव म्हणजे ४. जुनी छापील लेबलं लोक संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा. किंमत आण्यांत लिहिलेली सापडली तर अजून बरं, कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले.

मग चित्राकडे वळा आणि आधी हे ठरवा की ते समोर बसवून काढलंय की फोटोवरून. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं पोर्ट्रेट फोटोवरून करून घ्यायची पद्धत घराघरांत होती, बायकांच्या बाबतीत तर फारच. फोटोवरून केलेल्या चित्रात चेहरा बारकाईने येतो, नजर थेट कॅमेऱ्याच्या भिंगात असते, उजेड समोरून सपाट पडलेला असतो आणि हात मात्र कच्चे राहतात, कारण फोटोत ते नीट नसायचेच. काही तर मुळात मोठा केलेला फोटोच असतो आणि त्यावर तैलरंग चढवलेले असतात. गालाजवळ आणि केसांच्या कडेला भिंग धरा. रंगाखाली कागदाचा गुळगुळीतपणा आणि फोटोचे कण दिसले तर ते त्यातलं. तुम्ही टाकलेल्या चित्राच्या फोटोत त्या बाईंच्या उजव्या हाताचं बोट पुस्तकाच्या पानांत अडकवलेलं आहे आणि नखावर उजेडाचा एक ठिपका आहे. तो ठिपका समोर माणूस बसल्याशिवाय सहसा येत नाही. मला तुमचं चित्र प्रत्यक्ष बसवून काढलेलं वाटतं.

आता अनोळखी चित्रकार. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. या दोन्हींच्या वातावरणात ब्रिटिश वास्तववादी पद्धतीत तयार झालेली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर पडत राहिली. धुरंधर, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर, पुढे देऊसकर ही नावं आपल्याला ठाऊक. पण त्यांच्याबरोबर शिकलेले कितीतरी जण साताऱ्याला, सोलापूरला, धुळ्याला परतले आणि ड्रॉइंग मास्तर झाले. शाळा सांभाळून त्यांनी वकिलांची, डॉक्टरांची, नगराध्यक्षांची पोर्ट्रेटं केली. त्यांतली काही इतकी भक्कम आहेत की बघत राहावं. त्यांची नावं लिलावाच्या यादीत नसतात, म्हणून ती इंटरनेटवर शोधून सापडत नाहीत. मी इतक्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो: असा चित्रकार त्याच्या नावावरून सापडत नाही, चित्रात बसलेल्या माणसावरून सापडतो.

माझंच उदाहरण सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी लाल पगडी आणि काळा लांब कोट घातलेल्या गृहस्थांचं पोर्ट्रेट मिळालं. विकणाऱ्याने भाव सांगितला तो सागवानी फ्रेमचा. चित्र त्याच्या हिशेबात नव्हतंच. सहीतली आद्याक्षरं आणि '२९' एवढंच वाचता येत होतं. छातीवर राजाचा मुखवटा असलेलं पदक होतं. भिंगाखाली दाढीवाला पाचवा जॉर्ज ओळखू आला, म्हणजे १९१० ते १९३६ मधलं. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीच्या, आडव्या पट्टीवर पेन्सिलीची फिकट ओळ होती. मला ती नुसती रेघोट्यांसारखी वाटली, पण मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याने टॉर्च तिरपा धरून पाच मिनिटांत वाचली: रावसाहेब, आडनाव, गाव, शके १८५०, माघ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, तेव्हा ७९ धरावे लागतात. १९२९. सहीतले आकडे आणि पेन्सिलीची ओळ एकमेकांना मिळाली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचं काम पायी केलं. त्या गावच्या नगरपालिकेत माजी अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फलक आहे, त्यावर हे रावसाहेब निघाले. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला होता. त्यातून नातवंडं कुठे आहेत ते कळलं. घरातल्या वयस्कर आजींना आठवलं, "हायस्कुलातले ड्रॉइंगचे मास्तर यायचे, दिवाणखान्याची उत्तरेची खिडकी उघडून बसायचे." शाळेच्या शताब्दी स्मरणिकेत शिक्षकांचा जुना ग्रुप फोटो होता, खाली नावं, आणि एका नावाची आद्याक्षरं माझ्या सहीची. शेवटी मास्तरांच्या नातीकडे पोहोचलो. त्यांनी ट्रंकेतून एक वही काढली. तिच्यात चांदीच्या मुठीच्या काठीवर ठेवलेल्या डाव्या हाताची पेन्सिलीची तीन रेखाटनं होती. तिसऱ्यात करंगळी किंचित उचललेली. माझ्या चित्रात तोच हात आहे, करंगळी तशीच. मास्तरांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांनी तशी विनंती केलीय. वही मात्र त्यांनी मला पानन् पान दाखवली.

तुमच्याकडे मोडी ओळ नसेल, पण त्या बाई आहेत आणि हातात पुस्तक आहे. १९४१ च्या सुमाराला पुस्तक घेऊन पोर्ट्रेटला बसलेली बाई शिक्षिका, मुख्याध्यापिका किंवा एखाद्या संस्थेची चालक असण्याची शक्यता मोठी. दुकानदाराला पुन्हा भेटा आणि एवढंच विचारा, माल कोणत्या वाड्यातून, कोणत्या गल्लीतून उचलला. किमतीची भाषा काढली नाहीत तर तो सांगेल. मग त्या भागातल्या मुलींच्या शाळांच्या स्मरणिका बघा, सार्वजनिक वाचनालयात त्या हमखास असतात. चित्रकाराच्या बाजूने बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांचे कॅटलॉग आणि शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड चाळा. 'व्ही.'चा अर्थ वि, वा, वसंत, विष्णू काहीही होऊ शकतो, तेव्हा एकाच नावावर अडून राहू नका. नावानंतर बारीक अक्षरांत जी. डी. आर्ट, ए. एम. किंवा डी. टी. सी. असं कलाशिक्षणाच्या परीक्षेचं छोटं नाव लिहिलंय का, तेही टॉर्च बाजूने मारून बघा. शिक्षण कळलं की शोधायची जागा कळते.

किंमतीबद्दल स्पष्टच लिहितो. अनोळखी चित्रकार आणि अनोळखी बाई, अशा चित्राला बाजारात फार पैसा येत नाही. आणि उद्या कुणी पाहून "अहो, हे हळदणकरांचं" म्हणालं तर हुरळून जाऊ नका. जुन्या निनावी पोर्ट्रेटवर मोठ्या नावाची सही नंतर चढवलेली मी स्वतः पाहिली आहे. भिंगातून बघा: मूळ सही रंगाबरोबरच तडकलेली असते, तडा अक्षराला कापून जातो. नंतरच्या सहीचा रंग तड्यात उतरलेला असतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावरची नवी कारागिरी काळी दिसते.

अमेरिकेचं म्हणाल तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं १९४१ चं ठरलं तर ते त्यात बसत नाही. तरी विमानतळावर हुज्जत नको म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी काढा. त्यासाठीही तारीख पटवून द्यावी लागते, आणि तुमची तारीख त्या सहीत आणि त्या लेबलात आहे.

लेबल सोलू नका. सुटत असेल तर तसंच राहू द्या, वर पारदर्शक कागद सैल लावा. आणि पाठीचा फोटो पुन्हा टाका, या वेळी दिवसाउजेडी, चारही कोपरे आणि लेबलाची खालची ओळ पूर्ण येईल असा. त्या ओळीत 'बॉम्बे'च्या आधी दोन अक्षरं अर्धवट दिसताहेत, ती चाळीचं नाव असावीत असं मला वाटतंय.