शाकाहारी घरात शुगर कशी निघाली?

प्रश्न : ताई, मी सांगलीची, वय 46. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, तरी माझं वजन 74 किलो झालंय (उंची 5 फूट 2 इंच) आणि गेल्या महिन्यात शुगर बॉर्डरला निघाली. सकाळी चहा-खारी, मग पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची नाहीतर वांग्याची भाजी, भात, संध्याकाळी चहा आणि मूठभर फरसाण, रात्री परत भात. आठवड्यात दोन उपास असतात. भाचा म्हणतो, मावशी प्लांट बेस्ड खा. मग आजवर आम्ही काय खात होतो? आता दूध-दही पण सोडायचं का?

उत्तर : ताई, आधी मनातला अपराधीपणा काढून टाका, बाहेरचं अरबट-चरबट न खाता, उपासतापास करून, सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईला शुगर निघते तेव्हा तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि ते मला खरंच बघवत नाही. शाकाहारी म्हटलं की एवढंच कळतं की ताटात मटण-अंडं नाही. पण खारीतला मैदा, साखर, फरसाणाचं तेल, साबुदाणा हे सगळंही झाडापासूनच आलंय की! भाचा जे म्हणतोय ते वेगळं आहे, त्यात डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे-तीळ आणि अख्खं धान्य हे मुख्य जेवण असतं.

तुमचा दिवस मी दोनदा वाचला. त्यात डाळ कुठेच नाही, उसळ नाही, फळ नाही. सगळा भार पोळी-भातावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाचं ताट दिलंय : धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दाणे-तेलबिया 35 ग्रॅम, तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आणि दूध 300 मिली. कच्च्या 85 ग्रॅमचं शिजवून जवळजवळ तीन वाट्या घट्ट वरण-उसळ होतं. म्हणजे दुपारी मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ वाटीभरून, रात्री भातावर पाणीदार आमटी ओतण्याऐवजी घट्ट वरण जास्त आणि भात त्याच्या निम्मा. पोट भरतं, कडधान्यातला फायबर साखर रक्तात हळूहळू सोडतो आणि संध्याकाळी पाचला फरसाणाचा डबा उघडावासा वाटत नाही.

उपासाचं तर मला कळकळीने सांगायचंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, वरून बटाटा आणि तूप, त्या खिचडीत कामाचं काय तर दाण्याचं कूट आणि लिंबू! बॉर्डरच्या शुगरला आठवड्यातून दोनदा हे नको. राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दही घालून कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे असा उपास करून बघा.

तेलाचंही मोजमाप ठेवा. 27 ग्रॅमच्या हिशेबाने चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर होतं, तेही तूप धरून. मी पिशवी फोडली की तिच्यावर स्केचपेनने तारीख टाकते, पहिल्या महिन्यात आमचं पाच लिटर संपलं होतं, आणि आम्ही काही रोज तळण करत नव्हतो, नुसत्या फोडण्या सढळ हाताच्या होत्या.

कंबर मोजा, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची 90 च्या आत असावी असं आपल्याकडे धरतात. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षांच्या कामातून दाखवलंय की आपली अंगकाठी बारीक दिसली तरी आत चरबी जास्त असते, आपली बाळंसुद्धा वजनाला कमी पण चरबी राखून जन्मतात. त्यामुळे घरातल्या सडपातळ माणसांनीही हेच ताट खावं, तुमच्यासाठी वेगळी पातेली नकोत.

दूध-दही सोडायची गरज नाही. साधं दही, ताक राहू दे, साखर घातलेलं दूध आणि मिठाई कमी करा. शुगरची गोळी सुरू झाली असेल तर भात-पोळी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण काही गोळ्यांनी मग शुगर गरजेपेक्षा खाली जाते. किडनीचा त्रास असेल तर डाळी किती खायच्या तेही त्यांनाच विचारा.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय 38, कोलेस्टेरॉल वाढलंय. मटण कायमचं सोडावं लागेल का?

उत्तर : दादा, कायमचं सोडलंत तर उत्तमच, पण नाही जमलं तर रविवारचं मटण रविवारीच राहू दे, बुधवारी-शुक्रवारी परत नको. दोनच फोडी घ्या, वरचा तेलाचा तवंग बाजूला काढा, ताटात ज्वारीची भाकरी आणि भरपूर कांदा-काकडी-मुळा घ्या. बाकी सहा दिवस उसळी, पालेभाज्या, पिठलं. पालेभाज्या-डाळींतला फायबर कोलेस्टेरॉल खाली आणायला मदत करतो. सॉसेज, सलामी मात्र पूर्ण बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्येच प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय.

प्रश्न : मुलगी 22 वर्षांची, दूधही बंद करून पूर्ण वीगन झालीय. हातापायाला मुंग्या येतात म्हणते. काळजी वाटते.

उत्तर : अशा मुंग्या बी12 जीवनसत्त्व कमी पडल्यानेही येतात, म्हणून तिचं बी12 लगेच तपासून घ्या, ही वाट बघायची गोष्ट नाही. हे जीवनसत्त्व भाज्या-डाळींतून मिळत नाही, आणि स्पिरुलिनावर (शेवाळ्याची पावडर-गोळ्या मिळतात त्यावर) भरवसा ठेवू नका. पुण्यातल्या 441 पुरुषांच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी12 कमी निघालं होतं, आणि त्यात दूध घेणारेही होतेच. तिचा निर्णय मोडून काढायची गरज नाही, तिला डॉक्टरांकडून बी12 ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करा. रक्त तपासायला जाल तेव्हा हिमोग्लोबिनही बघा, आणि जेवणाबरोबर चहा घेत असेल तर तो तासाभराने घ्यायला सांगा, चहाने जेवणातलं लोह कमी अंगी लागतं.