चरबीपेशींवर संशोधन करायचे, तर शाखा कोणती?

प्रिय विद्यार्थिनी,

तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चरबीच्या पेशीही जंतूंशी लढतात हे वाचून त्यावर संशोधन करावेसे वाटते, आणि त्यासाठी पुढे रोगप्रतिकारशास्त्र घ्यावे की पोषणशास्त्र, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर रोगप्रतिकारशास्त्र.

चरबीपेशी म्हणजे ऊर्जेचे कोठार, ही समजूत 1994 मध्ये लेप्टिनचा शोध लागल्यावर डळमळली. हे संप्रेरक चरबीपेशींतूनच स्रवते आणि टी-पेशी या प्रतिकारपेशींच्या कार्यालाही लागते. पुढे 2015 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड गॅलो यांच्या गटाने उंदरांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू सोडले, तेव्हा काही तासांतच त्या जागी चरबीपेशींची संख्या आणि आकार वाढला व त्या कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक पेप्टाइड तयार करू लागल्या. ज्या उंदरांत नव्या चरबीपेशी नीट घडत नव्हत्या, त्यांना संसर्ग अधिक तीव्र झाला. यावरून लठ्ठपणा उपकारक ठरवू नका (हा प्रश्न मला हमखास विचारला जातो), कारण लठ्ठपणात याच ऊतीत मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी जमून दाह दीर्घकाळ धुमसत राहतो.

शाखा निवडण्यातली खरी अडचण प्रयोगशाळेत दिसते. चरबीची ऊती कोलॅजिनेज या विकराने सुटी करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, की प्रतिकारपेशी नळीच्या तळाशी बसतात आणि चरबीपेशी वर तरंगतात. प्रतिकारशास्त्राचा अभ्यासक बहुधा तळ ठेवतो आणि वरचा थर टाकून देतो. चयापचयाच्या अभ्यासकाचे लक्ष त्या वरच्या थरावर असते. शिवाय परिपक्व चरबीपेशी मोठी आणि नाजूक असल्याने फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या, यंत्रातून जाताना सहज फुटते.

तुमचा प्रश्न जंतूंशी लढण्याचा आहे, पण पेशी त्या वरच्या थरातली आहे. म्हणून पदव्युत्तर शिक्षण रोगप्रतिकारशास्त्रात घ्या, ऐच्छिक विषय म्हणून चयापचयाचे जीवरसायनशास्त्र निवडा, आणि पेशीसंवर्धनात हात बसवा. पूर्वचरबीपेशींपासून (ज्यांच्यापासून चरबीपेशी घडतात) तेलाचे थेंब भरलेल्या पेशी वाढवायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि ते काम पुस्तकातून येत नाही. पोषणशास्त्रातील आवश्यक भाग नंतरही वाचून भरून काढता येईल.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या जरूर पाहा, पण पहिल्या भेटीत एवढे विचारा, की तुमच्या प्रयोगशाळेत तो वर तरंगणारा थर ठेवतात की टाकून देतात.